खिडकी क्रमांक ७०

सरकारी कचेरीत 'प्रोटोकॉल' हा शब्द निघाला की आम्हा कारकुनांच्या डोळ्यांसमोर मंत्र्यांचा दौरा उभा राहतो. पाहुणे कोणत्या दाराने येणार, पुष्पगुच्छ कोणी द्यायचा, पहिल्या रांगेत कोणाच्या उजवीकडे कोणाची खुर्ची ठेवायची, या सगळ्या शिष्टाचाराला आम्ही प्रोटोकॉल म्हणतो. वीस वर्षे कारकुनी केली, पण या शब्दाला याहून वेगळा काही अर्थ असेल आणि तो आपल्याला कधी कामाला येईल असे वाटले नव्हते. तो अर्थ मला गेल्या दिवाळीत तिगावला, सासुरवाडीच्या ओसरीवर बसून कळला. त्याचीच ही हकिगत.

तिगाव कुठे, असे वाचक विचारतील. माझे लग्न झाले तेव्हा आमच्या घरीही सर्वांनी नकाशा काढला होता. पत्नी नोकरीच्या निमित्ताने पणजीला आली आणि इथलीच झाली, म्हणून माझी सासुरवाडी एवढी दूर. आम्ही बहुधा गोवा एक्सप्रेसने पुणे, मनमाड, भुसावळ करीत इटारसीला उतरतो आणि तिथून गाडी बदलून नागपूरच्या दिशेने पुन्हा खाली येतो. बैतूल, आमला, तापीचे उगमस्थान असलेले मुलताई मागे पडले की गाडी घाट उतरू लागते आणि घाट उतरल्यावर तिगाव येते. पुढचे मोठे गाव पांढुर्णा. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जांब नदीच्या दोन काठांवरून दगडांची गोटमार होते, ते हे पांढुर्णा. २०२३ साली छिंदवाडा जिल्ह्यातून पांढुर्णा आणि सौंसर हे तालुके वेगळे काढून पांढुर्णा जिल्हा झाला.

राज्य मध्य प्रदेश, पण घराघरातली बोली मराठी. वऱ्हाडी-नागपुरी वळणाची, मधूनमधून हिंदीची फोडणी दिलेली. जुन्या मध्य प्रांताची राजधानी नागपूर होती तेव्हा यात नवल वाटण्यासारखे काही नव्हते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि छिंदवाडा मध्य प्रदेशात राहिला. माणसे होती तिथेच राहिली, कागदांची भाषा मात्र ठरली. आम्हा गोव्याच्या मराठी वाचकांना ही गोष्ट जास्त समजावून सांगायला नको.

माझा मेहुणा तिथे ऑनलाइन फॉर्म भरून देण्याचे छोटे दुकान चालवतो. दाखले, शिष्यवृत्त्या, जमिनीचे उतारे, परीक्षांचे अर्ज, जे म्हणाल ते. दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी त्याने एक जुनाट संगणक ओसरीवर आणून मांडला आणि मला म्हणाला, "भाऊजी, तुमी सरकारी माणूस. प्रोटोकॉल म्हणजे काय, तुमाले मालूमच असन."

मी खुर्च्या आणि पुष्पगुच्छ सांगितले. तो हसला. "तो नाही जी. याच्यात मंत्री बी नाही अन् खुर्ची बी नाही. कोणं आधी बोलाव, काय बोलाव अन् कवा थांबाव, एवढंच."

व्याख्या म्हणून मला ती आजही पुरेशी वाटते. दोन संगणकांनी एकमेकांशी बोलायचे तर आधी काही गोष्टी ठरलेल्या असाव्या लागतात. रेल्वेत एक स्टेशनमास्तर पुढच्या स्टेशनला विचारतो, गाडी सोडू का? तिकडून 'लाइन क्लियर' आल्याशिवाय गाडी हलत नाही. तिगावसारख्या घाटाच्या तोंडावरच्या स्टेशनात हे उदाहरण वेगळे शोधावे लागत नाही. प्रश्न कसा विचारायचा आणि उत्तर कसे द्यायचे हे दोन्ही बाजूंना आधीपासून ठाऊक असते, म्हणून गाड्या सुरक्षित जातात.

मेहुण्याने त्या संगणकावर जो प्रोटोकॉल चालवला होता त्याचे नाव गोफर.

गोफर म्हणजे अमेरिकेत जमिनीखाली बिळे करून राहणारा उंदरासारखा एक प्राणी. मिनेसोटा राज्याचे टोपणनावच 'गोफर स्टेट' आहे आणि तिथल्या विद्यापीठाचे खेळाडू 'गोल्डन गोफर्स' म्हणून ओळखले जातात. पण इंग्रजीत या नावात आणखी एक गंमत आहे. कचेरीत 'जा रे, अमुक आण' म्हटले की पळणाऱ्या पोऱ्यालाही तिकडे 'गोफर' म्हणतात. १९९१ साली मिनेसोटा विद्यापीठातील मार्क मॅकाहिल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा प्रोटोकॉल तयार केला, तेव्हा प्राणी आणि पोऱ्या हे दोन्ही अर्थ त्यात बसले. त्या मंडळींत एक नाव फरहाद अंकलेसरिया असे आहे. हे आपल्या ओळखीचे पारशी आडनाव वाचून मला उगाचच बरे वाटले.

त्या वेळची अडचण अशी होती की विद्यापीठांच्या संगणकांत माहिती पुष्कळ होती, पण ती नेमकी कुठे आहे हे ठाऊक असल्याशिवाय मिळत नसे. यंत्राचा पत्ता, फाइलचे नाव, आज्ञा कशा द्यायच्या, सगळे पाठ हवे. रेकॉर्डरूममध्ये हजारो फाइली आहेत आणि नोंदवही नाही, अशी अवस्था. गोफरने नोंदवही दिली. समोर एक यादी येते. त्यातील ओळ निवडली की एकतर मजकूर उघडतो किंवा आणखी एक यादी. गंमत अशी की यादीतील एक ओळ मिनेसोटातील यंत्राकडे बोट दाखवते आणि तिच्या खालची युरोपातल्या एखाद्या यंत्राकडे. वाचणाऱ्याला त्याचा पत्ताही लागत नाही. दुसऱ्याच वर्षी, १९९२ मध्ये, नेवाडा विद्यापीठात या सगळ्या याद्यांत शोध घेणारी 'व्हेरॉनिका' नावाची सोय तयार झाली. गुगलच्या कितीतरी आधीची ही गोष्ट.

आतील यंत्रणा मला वाटली होती त्याच्या दहाव्या हिश्शानेही अवघड नाही. मार्च १९९३ मध्ये 'आरएफसी १४३६' या नावाने तिचे नियम लिहून प्रसिद्ध झाले. इंग्रजीत असले तरी आमच्या एखाद्या परिपत्रकापेक्षा ते समजायला सोपे आहेत. प्रत्येक संगणकाला क्रमांक दिलेल्या खिडक्या असतात असे समजा. मामलेदार कचेरीत दाखल्यांची खिडकी वेगळी, शुल्क भरण्याची वेगळी, तसे. गोफरची खिडकी क्रमांक ७०. आपण रोज पाहतो त्या वेबची मूळ खिडकी ८०. खिडकी ७० वर जायचे, हवे असलेल्या कागदाचे नाव एका ओळीत सांगायचे आणि एन्टर दाबायचे. पलीकडचा कागद देतो आणि खिडकी बंद करतो. मजकूर संपला हे सांगण्यासाठी शेवटच्या ओळीत फक्त एक टिंब.

यादीची प्रत्येक ओळ म्हणजे आमच्या आवक-जावक वहीचीच ओळ. अगदी सुरुवातीला प्रकाराचे एक चिन्ह: ० म्हणजे मजकूर, १ म्हणजे आणखी एक यादी, ७ म्हणजे शोध. मग चार रकाने: वाचणाऱ्याला दाखवायचे नाव, मागताना सांगायचे नाव, यंत्राचा पत्ता आणि खिडकीचा क्रमांक. बस. आणि तुम्ही काहीच मागितले नाही, नुसते एन्टर दाबले, तरी चालते. सर्व्हर आपली पहिली यादी पुढे करतो. आमच्या कचेरीत काहीच न मागता खिडकीपाशी उभे राहिल्यास काय मिळते ते सांगायला नको.

मेहुण्याने मला हे प्रत्यक्ष करून दाखवले. काळ्या पडद्यावर मी एन्टर दाबले आणि पाच ओळी उमटल्या. पहिली ओळ होती: 'तिगाव'. देवनागरीत. मी त्या शब्दाकडे पाहतच राहिलो, आणि त्याचे कारण सांगायचे तर थोडे मागे जावे लागेल.

गोफरचा भरभराटीचा काळ १९९१ ते १९९४. तेव्हा आपल्याकडे काय होते? इलेक्ट्रॉनिक्स विभागाने १९८६ मध्ये 'अर्नेट' हे शैक्षणिक जाळे सुरू केले होते. त्यात आठ संस्था होत्या, पैकी दोन मुंबईतल्या: जुहूची एनसीएसटी आणि पवईची आयआयटी. सामान्य माणसाला इंटरनेट मिळाले ते १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने सेवा सुरू केल्यावर. तेव्हाची स्वस्त जोडणी म्हणजे 'शेल अकाउंट'. चित्रे नाहीत, नुसती अक्षरे, तीही रोमन. 'लिंक्स' नावाच्या अक्षरी ब्राउझरने वेबही पाहता येई आणि गोफरही. म्हणजे आपल्याकडच्या सर्वसामान्य माणसापर्यंत गोफर पोहोचला तेव्हा तिकडे त्याची उतरती कळा लागली होती.

आणि मराठी? देवनागरीसाठी १९८८ मध्ये 'इस्की' हे भारतीय प्रमाण ठरले होते. त्याच्याच आधाराने १९९१ मध्ये युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीत देवनागरीला जागा मिळाली. पण प्रमाण ठरणे वेगळे आणि घरच्या संगणकावर अक्षर उमटणे वेगळे. सामान्य विंडोजवर देवनागरी नीट दिसू लागायला विंडोज २००० ची वाट पाहावी लागली. तोपर्यंत अमेरिकेत बसलेली मराठी माणसे एकमेकांना मराठी मजकूर पाठवत ती रोमन अक्षरांत. त्यासाठी अविनाश चोपडे यांची 'आयट्रान्स' ही पद्धत होती. ऱ्हस्व-दीर्घ दाखवायला लहान-मोठी रोमन अक्षरे वापरायची. 'तिगाव' लिहायचे तर टी, आय, जी, मग दीर्घ 'गा'साठी मोठा ए, मग व्ही, ए. वाचणाऱ्याने ते मनातल्या मनात देवनागरी करून घ्यायचे, किंवा प्रोग्रामात घालून छापून घ्यायचे.

हे वाचताना मला आमचे राशोल आठवले. भारतातील पहिला छापखाना गोव्यात आला १५५६ मध्ये. १५७९ मध्ये गोव्यात आलेले इंग्रज जेझुइट फादर थॉमस स्टीफन्स यांनी मराठीत सुमारे अकरा हजार ओव्यांचे 'क्रिस्तपुराण' रचले, ते १६१६ मध्ये राशोलला छापले गेले. मराठीची थोरवी मनापासून सांगणारा हा ग्रंथ छापला गेला मात्र रोमन ठशांत, कारण नागरी ठसे नव्हते. देवनागरी ठशांनी मराठी पुस्तक छापले जायला एकोणिसावे शतक उजाडावे लागले. विल्यम केरीचे मराठी व्याकरण बंगालातील श्रीरामपूरला निघाले १८०५ साली. मधे जवळजवळ १९० वर्षे गेली.

म्हणजे नवे साधन आपल्या दारात येते, मराठीही त्यात शिरते, पण आपली लिपी मागून येते. छापखान्यात हे झाले, इंटरनेटवर हेच झाले. फरक एवढाच की पहिल्या वेळी १९० वर्षे लागली, दुसऱ्या वेळी दहा-बारा. माझ्या पिढीने तो दुसरा काळ भोगला आहे. २००० च्या सुमारास सायबर कॅफेत बसून टाइप केलेला लेख घरच्या दुसऱ्या यंत्रावर उघडला की त्याचे उंदरांनी कुरतडल्यासारखे काहीतरी होत असे, कारण तो विशिष्ट फॉन्ट त्या यंत्रात नसे. पुढे 'बरहा' आले, युनिकोड रुळले आणि आम्ही सुटकेचा श्वास सोडला.

मग गोफरचे काय झाले? त्याच्या ऱ्हासाची गोष्ट कारकुनाने मुद्दाम वाचावी अशी आहे, कारण तीत एका शुल्काच्या घोषणेचा हात आहे. १९९३ च्या सुरुवातीला मिनेसोटा विद्यापीठाने जाहीर केले की गोफर सर्व्हरचा प्रोग्राम व्यावसायिक कामासाठी वापरणाऱ्यांकडून परवाना शुल्क घेतले जाईल. विद्यापीठाचीही बाजू होती. जगभरचे लोक फुकट वापरत होते आणि देखभालीचा खर्च त्यांच्या माथी. पण बातमी पसरली तशी लोकांनी धसका घेतला. आज यांच्याकडून घेतात, उद्या आपल्याकडून घेतील. आणि नेमके त्याच वर्षी ३० एप्रिल रोजी जिनीव्हाजवळच्या 'सर्न' संस्थेने टिम बर्नर्स-ली यांचे वर्ल्ड वाइड वेब सर्वांसाठी खुले केले, विनाशुल्क. शुल्क हेच एक कारण नव्हते. वेबमध्ये मजकुराच्या मधेच दुवा देता येई, आणि त्याच वर्षी आलेल्या 'मोझेक' ब्राउझरने मजकुराशेजारी चित्रे आणून बसवली. १९९३ या एका वर्षात गोफरची वाहतूक ९९७ टक्क्यांनी वाढली, म्हणजे जवळजवळ अकरा पट झाली. एरवी याला कोण अपयश म्हणेल? पण त्याच वर्षी वेबची वाढ ३,४१,६३४ टक्के होती. १९९४ मध्ये वेब पुढे निघून गेले.

विद्यापीठाने २००० मध्ये तो प्रोग्राम मुक्त परवान्याखाली सोडला. तोवर बाजार उठला होता. इंटरनेट एक्सप्लोररने २००२ मध्ये गोफर बंद केला, फायरफॉक्सने २०११ मध्ये.

तरी तो मेला नाही. कॅलिफोर्नियातील कॅमेरॉन कायझर यांनी १९९९ पासून 'फ्लडगॅप' नावाचा गोफर सर्व्हर चालू ठेवला आणि बुडालेल्या व्हेरॉनिकाच्या जागी 'व्हेरॉनिका-२' उभी केली. जगभर हौशी लोकांचे काही शे सर्व्हर आजही आहेत. २०१९ मध्ये तर गोफर आणि वेब यांच्या मधली वाट म्हणून 'जेमिनी' नावाचा नवा प्रोटोकॉल निघाला. त्याची खिडकी क्रमांक १९६५, कारण जेमिनी यानातून माणसे पहिल्यांदा अवकाशात गेली ते वर्ष १९६५.

आता पुन्हा ओसरीवर येऊ. मी मेहुण्याला विचारले, तुला हा उद्योग सुचला कसा? तो म्हणाला, "मी दिवसभर दुकानात हिंदीत फारम भरतो. समोरचा मराठीत सांगते, मी हिंदीत लिहितो. 'वावर'चं 'कृषि भूमि' करता करता कवा कवा मलेच वावर आठवत नाही. म्हटलं, एक तरी खिडकी मराठीची पायजे."

वेबसाइट का नाही, हेही विचारले. तर ते यंत्र एवढे जुने की आजचे वेबपान उघडतानाच धापा टाकते. गोफरला मात्र ते पुरून उरते. आणि घरात जे साठवायचे होते ते सगळे अक्षरांतच होते.

ते होते माझ्या सासऱ्यांच्या वह्यांत. सासरे निवृत्त शिक्षक. आयुष्यभर मराठी शिकवली. वय आता ऐंशीच्या पुढे. गेली तीस वर्षे ते गावातले शब्द वहीत उतरवीत आले आहेत. शेतीचे, बंडीचे, घराच्या बांधणीचे आणि सगळ्यांत जास्त संत्र्याच्या बागेचे. जंभेरीच्या खुंटावर डोळा बांधून तयार होते ती पन्हेरी. झाडाचे पाणी तोडून त्याला फुलावर आणायचे तो ताण. पावसाळ्याच्या तोंडी फुलतो तो मृग बहार, थंडी सरताना फुलतो तो आंबिया. खोडातून डिंक गळतो तो रोग डिंक्या, पानांवर काजळी धरते ती कोळशी. असे २१२ शब्द, प्रत्येकाखाली दोन-तीन ओळींचा खुलासा, शाळामास्तरांच्या वळणदार अक्षरात. वहीची पाने कडांना पिवळी पडून तुटू लागली होती.

माझी रजा आठ दिवसांची होती. मी टंकलेखनाला बसलो. कारकुनाला दुसरे काय येते? मेहुणा शब्दांच्या याद्या लावी, सासरे शेजारी खुर्चीवर बसून तपासत. एका ठिकाणी मी 'पन्हेरी'चा अर्थ 'रोपवाटिका' असा शुद्ध करून लिहिला. त्यांनी तो वाचायला लावला आणि म्हणाले, "जवाईबुवा, माह्या वहीत असं आहे का?" नव्हते. मी पुसले आणि वहीत होते तसे लिहिले. शेवटी सगळा मजकूर साठ किलोबाइटच्या आसपास भरला. आज एखाद्या संकेतस्थळावरील एकच छायाचित्र याहून जड असते.

अडचणी आल्याच. मेहुण्याने माझ्या मोबाइलवर गोफर पाहायचा एक प्रोग्राम घातला, तर त्यावर 'तिगाव'ऐवजी टोप्या घातलेल्या रोमन अक्षरांची रांग उमटली. २००० च्या सायबर कॅफेतले उंदीर परत आले म्हणायचे! कारण नंतर कळले. गोफरचे नियम लिहिले गेले ते पाश्चात्त्य युरोपीय अक्षरे गृहीत धरून. देवनागरी त्यातून जाते ती 'यूटीएफ-८' या युक्तीमुळे. सप्टेंबर १९९२ मध्ये केन थॉम्प्सन आणि रॉब पाइक यांनी न्यू जर्सीतील एका खाणावळीत जेवताना टेबलावरच्या कागदी चटईवर तिचा आराखडा मांडला. तिच्यात साधी रोमन अक्षरे पूर्वीसारखीच एका बाइटची राहतात आणि आपले प्रत्येक अक्षरचिन्ह तीन बाइटचे होते. 'तिगाव' या शब्दात मात्रा-वेलांटी धरून पाच चिन्हे, म्हणून पंधरा बाइट. सर्व्हर ते पंधरा बाइट आले तसे पुढे देतो, त्यांचा अर्थ विचारत नाही. वाचणाऱ्या प्रोग्रामाने ते यूटीएफ-८ म्हणून वाचले तर तिगाव दिसते, जुन्या पद्धतीने वाचले तर टोप्या दिसतात. एका खुणेपुरता बदल केला आणि मोबाइलवर तिगाव आले. यादीतले नाव ७० अक्षरांच्या आत ठेवावे असाही गोफरचा एक संकेत आहे. बाइट मोजणाऱ्या जुन्या प्रोग्रामापुढे आपल्या वाट्याला त्यातली तेवीसच येतात. म्हणून सासऱ्यांनी शीर्षके आखूड करून दिली. 'संत्र्याच्या बागेतील शब्द' यांचे 'बागेचे शब्द' झाले.

दुसरी अडचण अशी की घरच्या जोडणीला बाहेरून दिसणारा स्वतंत्र पत्ता मिळेना. हल्ली एकाच पत्त्यामागे पुष्कळ गिऱ्हाइके ठेवतात. त्यामुळे सर्व्हर घरात सगळ्यांना दिसे, पण बाहेर कोणालाच नाही. शेवटी मेहुण्याने महिन्याच्या भाड्याने दूरचे एक लहान यंत्र घेतले. मूळ प्रत तिगावच्या जुन्या संगणकावर आणि रोज रात्री तिची नक्कल त्या भाड्याच्या यंत्रावर. गावात वीज गेली तर नक्कल दुसऱ्या रात्री होते. मजकूर अडून राहत नाही.

निघण्याच्या आदल्या संध्याकाळी सासऱ्यांनी विचारले, "मी गेल्यावर हे टिकन का?"

मेहुणा गप्प राहिला. मीही आधी 'टिकेल की' म्हणणार होतो, पण मग खरे तेच सांगितले. भाडे भरले जाईल तोवर खिडकी उघडी राहील. ते थांबले तर बंद होईल. पण मजकूर साध्या अक्षरांत आहे, कोणत्याही कंपनीच्या कुलपात नाही. कोणीही उतरवून घेऊन दुसरीकडे ठेवू शकतो. गोफर तीस वर्षांनीही उरला आहे तो त्यातले काही सर्वांत चांगले होते म्हणून नव्हे. कोणीतरी खिडकीत बसले आहे आणि कोणीतरी येऊन विचारते आहे, म्हणून. यांपैकी एक बाजू उठून गेली की नियम कागदावर तसेच राहतात आणि बोलणे थांबते.

त्यांनी थोडा वेळ विचार केला. मग म्हणाले, "म्हणजे भाषेसारखंच झालं."

मी यावर काही बोललो नाही. तिगावात मराठी कागदावर नसली तरी बोलली जाते. आमच्या गोव्यात तिला कागदावर जागा आहे, १९८७ च्या राजभाषा कायद्यातही आहे, आणि माझ्या स्वतःच्या घरात मुले एकमेकांशी कोणत्या भाषेत बोलतात हे मला ठाऊक आहे.

पणजीला परतल्यावर रोज रात्री जेवण झाले की मी एकदा तिगावच्या खिडकीवर जातो. काही मागत नाही, नुसते एन्टर दाबतो. यादी येते. आता त्यात २१२ ऐवजी २३९ शब्द आहेत. दिसायचे कमी झाले म्हणून सासरे तोंडाने सांगतात आणि मेहुणा दुकान बंद केल्यावर लिहून घेतो.

परवा त्या यादीत एक नवी ओळ आली आहे. मीच मेहुण्याकडे हट्ट धरून ती घालून घेतली. तिचे नाव 'कुळागराचे शब्द'. फोंडा तालुक्यातील आमच्या घरामागे पोफळीचे कुळागर आहे, त्याच्या पाटांची, बांधांची, शिंपण्याची आणि सुपारी उतरवण्याची नावे माझ्या आईला पाठ आहेत. खाजन शेतीतल्या मानशीपासून सुरुवात कर, असे ती म्हणते, कारण पाणी आधी अडवायचे असते. पहिल्या रविवारी अठरा शब्द झाले. आई आता सत्तरीची आहे, आणि तिची वही नाही.